खुणेच्या वर

दादाचा हात गेला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवटपर्यंत वाचायला सगळ्यांना वेळ असतोच असं नाही. दादाला पोचवून आलो त्या दिवशी गॅरेजच्या दारात चारपाच जण उभे होते. त्यातला एक म्हणाला, मिस्त्री माणूस सोन्यासारखा, पण शेवटी शेवटी हात गेला होता हो त्यांचा. मी आत कप विसळत होते. ऐकलं आणि पुढचा कप घेतला, कारण तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. आता वाटत नाही. आता मला माहीत आहे, आणि म्हणून हे लिहिते आहे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. गाड्यांचा मिस्त्री. खाली गॅरेज आणि वर आमच्या दोन खोल्या, मधे लोखंडी जिना. माझा नवरा गेला तेव्हा दादा मला घ्यायला आला होता, कुणाचीतरी दुरुस्तीला आलेली गाडी घेऊन. रस्ताभर मी रडत होते आणि हा इंजिनाला कान लावून बसलेला. घर आलं तेव्हा म्हणाला, चिमणे, तिसरा प्लग मार खातोय. मला इतका राग आला होता तेव्हा. मग कळलं, त्याला बोलायला दुसरं काही येतच नव्हतं. चिमणी म्हणायचा मला. मी आता चांगली अंगानं भरलेली, गुडघे धरून जिना चढणारी बाई, तरी चिमणीच.

लग्न केलं नाही त्यानं. कुणी विचारलं तर म्हणायचा, एक इंजिन उघडलं की आठवडा जातो, बायकोला बसवू कुठे, बॉनेटवर?

त्याला सगळे धुराचा मिस्त्री म्हणायचे. जुन्या गाड्या धूर सोडायला लागल्या की लोक आधी त्याच्याकडे यायचे. मी चौथी शिकलेली, मला त्यातलं काय कळणार, पण तीस वर्षं तेच तेच कानावर पडलं की पाठ होतं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा दाट आणि थांबतच नाही म्हणजे पाणी शिरलंय. निळा म्हणजे गाडी ऑइल जाळतेय. मग निळ्यातही प्रकार. सकाळी थंड गाडी चालू केली आणि एकच निळा ढग येऊन गेला, तर वरच्या सिलांचं, ऑइल अडवणाऱ्या रबरांचं काम. चढावर, जोर दिल्यावर निळा, तर पिस्टनच्या रिंगा. उतारावर पाय काढून परत दिला आणि मागे फुसकन निळा आला, तर परत वरचंच, व्हॉल्व्हचं.

पण हे सगळं नंतर. त्याचा नियम एकच, आधी पट्टी, मग नाक, मग पाना. पट्टी म्हणजे इंजिनात खुपसलेली ती लांब सळई असते, ऑइल किती आहे ते बघायची. तिच्यावर दोन खुणा असतात, वरची आणि खालची. दादा म्हणायचा, पट्टी न बघता पाना उचलणारा मिस्त्री नव्हे, चोर.

नाकाचं काम झालं की पांढरं फडकं. फडकी मी आणायची. मी रुग्णालयाच्या धोबीखान्यात होते, चादरींना इस्त्री करायला. फाटलेल्या चादरी टाकून द्यायचे, त्या मी घरी आणून हातभर चौकोन कापायची आणि कडा दुमडून शिवायची. दादा सायलेन्सरच्या तोंडापुढे फडकं धरून उभा राहायचा. मग उजेडात नेऊन बघायचा, कडेला तेलकट गोल आहे की नुसती काजळी. लोक एक्स-रे बघतात तसं. मग ते फडकं मलाच धुवायचं.

शाळेतले मास्तर होते, जुनी करडी गाडी त्यांची. एकदा आले, म्हणाले, मिस्त्री, ऑइल कुठेतरी गळतंय. दादानं गाडीखाली माझं फडकं अंथरलं आणि मास्तरांना चहा दिला. तासाभरानं फडकं काढलं तर कोरं. दादा म्हणाला, गळत नाही मास्तर, पितेय. वरून किती टाकता? मास्तर म्हणाले, छे, फार नाही. थोड्या वेळानं दादानं परत विचारलं. मग मास्तर मान खाली घालून म्हणाले, महिन्याला एक डबा. दादा सगळ्यांना दोनदा विचारायचा. डॉक्टरपुढे आणि मिस्त्रीपुढे माणूस पहिल्यांदा खोटंच बोलतो म्हणायचा. मालक खोटं बोलेल, गाडी बोलणार नाही.

आणखी एक आठवण सांगते, ती पुढे लागणार आहे. आमच्या गल्लीतल्या शिंप्यानं नवीन नवीन गाडी घेतली होती, म्हणजे जुनीच, पण त्याला नवीन. तो धूर काढत आला. दादानं पट्टी बघितली आणि पोट धरून हसायला लागला. म्हणाला, अहो शिंपीदादा, गाडी म्हणजे पाहुणा नव्हे, आग्रह करकरून वाढायला. सगळे हसले. मी वर गॅलरीत कपडे वाळत घालत होते, मीपण हसले. का हसले विचाराल तर सगळे हसले म्हणून. कळलं काहीच नव्हतं.

दादाचं वय झालं तसं उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आला आणि उजव्या हाताला कंप सुटला. चहाचा कप बशीत वाजायचा. तो दोन्ही लपवायचा. गिऱ्हाईक आलं की हात खिशात. मग एक गाडी त्याच्या हातून नीट झाली नाही, एक बोल्ट ढिला राहिला, आणि गाडी वाटेत बंद पडली. कुणाला लागलं नाही, पण बभ्रा झाला. लोक डावऱ्याकडे जायला लागले. डावऱ्या म्हणजे दादाच्या हाताखाली वीस वर्षं काम केलेला मिस्त्री. डाव्या हातानं पाना फिरवतो म्हणून डावऱ्या. त्यानं दोन गल्ल्या सोडून स्वतःचं गॅरेज काढलं होतं, दादाला विचारूनच. वाईट नाही तो. दर आठवड्याला यायचा, दारात चपला काढून आत यायचा, गॅरेजात कोण चपला काढतं, पण हा काढायचा.

एक दिवस डावऱ्या मस्करीत म्हणाला, मिस्त्री, आता खुर्चीत बसा आणि आम्हाला शिव्या द्या, पाना आम्ही धरतो. मास्तरही होते तिथे. दादा हसला नाही. आमच्या मागच्या अंगणात एक फिकट हिरवी गाडी पडून होती, कुणीतरी अकरा वर्षांपूर्वी टाकून गेलेली. इंजिन जाम, आत पाखरांनी घर केलेलं. दादानं तिच्याकडे बोट दाखवलं. म्हणाला, "हिचं इंजिन मी एकटा बांधतो. मग हजार किलोमीटर चालवायची. ऑइल खाल्लं नाही तर मी अजून मिस्त्री आहे. खाल्लं तर गॅरेजच्या चाव्या तुझ्याकडे."

डावऱ्या कान पकडून म्हणाला, चुकलो, पैज कशाला. पण दादा एकदा बोलला की बोलला.

चार महिने लागले त्याला. पूर्वी आठवड्यात व्हायचं. गाडीला आम्ही म्हातारी म्हणायचो, आणि मास्तर म्हणायचे, एक म्हातारी दोन म्हाताऱ्यांच्या हाती सापडलीय. मी दिवा धरून उभी राहायची. पिस्टनला तीन तीन रिंगा असतात, त्यांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत, नाहीतर त्या फटीतून ऑइल वर चढतं. दादा एकेक रिंग हळूच सरकवून बघायचा. आणि रिंगेवर एक बारीक खूण असते, मोहरीच्या दाण्याएवढी, ती बाजू वर पाहिजे. ती त्याला दिसत नव्हती. मला विचारायचा, चिमणे, खूण वर आहे ना? मी डोळ्याजवळ नेऊन बघायची आणि आहे म्हणायची. बारा वेळा विचारलं, बारा वेळा आहे म्हटलं. हात थरथरायला लागला की खाली बसायचा, हात मांडीखाली दाबून धरायचा, मग परत उठायचा. एकही रिंग मोडली नाही.

इंजिन चालू झालं तेव्हा त्यानं मला फडकं धरायला लावलं. फडकं कोरं. त्यानं स्वतः वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरलं आणि भिंतीवर खडूनं शून्य लिहिलं. शून्यसुद्धा वाकडं आलं.

म्हातारी चालवायची मी. दादाला डोळ्यांमुळे बंद होतं आणि मला त्यानंच पन्नाशीत शिकवली होती, शिव्या देत देत. धोबीखाना बारा किलोमीटर, जाऊन येऊन चोवीस. रोज सकाळी दादा भिंतीवर आकडा लिहायचा. चोवीस. अठ्ठेचाळीस. पहिले दिवस त्याचा चेहरा काय होता सांगू. दाढी करायला लागला रोज.

आणि मला घोर लागला. वाटायचं, ही म्हातारी ऑइल प्यायली तर? मग हा काय करेल? याला दुसरं येतं काय? चौथ्या दिवशी कामावरून आले, दारापुढच्या चढावर गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, दादा वर चहा ठेवत होता तेवढ्यात बॉनेट उघडून पट्टी ओढली. ऑइल वरच्या खुणेच्या खाली. चांगलं खाली.

मी त्याला सांगितलं नाही. मागच्या पिंपात ऑइल होतं, त्यातलं एक पेलाभर घेतलं आणि ओतलं. घरातलाच स्टीलचा पेला. पुसून परत फळीवर ठेवला.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा. कामावरून यायचं, लगेच पट्टी बघायची, कमी दिसलं की पेला. पुढे पुढे खुणेला लागलेलं दिसलं तरी टाकायची, म्हटलं उद्याचं आजच असू दे. सकाळी गाडी आत सपाट फरशीवर असायची, तेव्हा दादा मला विचारायचा, बघ गं, खुणेपर्यंत आहे का? मी पट्टी पुसून बघायची. ऑइल खुणेच्या चांगलंच वर असायचं. मला वाटायचं, टाकलं ते बरं झालं, भरपूर आहे. मी म्हणायची, आहे. तो म्हणायचा, वा. त्याचा प्रश्न होता खुणेपर्यंत आहे का. वर आहे का, असं त्यानं विचारलं नाही, आणि वर असणं वाईट असतं हे मला माहीत नव्हतं. तेल, पीठ, साखर, घरात जास्त असलं तर कुणी रडतं का.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी गाडी चालू केली आणि आरशात निळं दिसलं. मी पटकन बंद करणार तेवढ्यात दादा जिन्यात. त्याला रंग दिसला नसेल, पण नाकाला कोण फसवणार. फडकं घेऊन खाली आला, मागे उभा राहिला.

"निळा आहे का गं?"

"थोडा आहे."

"थोडा आहे की आहे?"

"आहे."

त्यानं गाडी बंद करायला लावली. जरा वेळ थांबला आणि म्हणाला, पट्टी काढ. खुणेपर्यंत आहे? मी म्हटलं, आहे. तो गाडीभोवती दोनदा फिरला. फडक्यावर बोट फिरवलं, बोट नाकाला लावलं. स्वतःशीच बोलत होता, ऑइल कमी होत नाही आणि धूर निळा, हे बसत नाही, कुठेतरी बसत नाही. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"चिमणे, खरं सांग. तू वरून टाकतेस का?"

"नाही, दादा."

जन्मभर गिऱ्हाइकाला दोनदा विचारणारा माणूस. मला त्यानं एकदाच विचारलं.

मी का नाही म्हटलं ते सांगते. मला वाटलं, हो म्हटलं तर त्याला कळेल की म्हातारी पहिल्या आठवड्यापासून ऑइल पितेय. निदान आताच सुरू झालं असं वाटू दे. एवढंच डोक्यात होतं.

डावऱ्याला बोलवू का म्हटलं तर नको म्हणाला. मग त्यानं प्लग काढायला घेतला. पहिला निघाला. ओला, ऑइलनं माखलेला. तो त्यानं माझ्या फडक्यावर ठेवला. आता त्या भोकात गेज बसवून प्रत्येक पिस्टनचा दाब बघायचा असतो, दाब बरोबर असेल तर रिंगा बरोबर. हे काम त्यानं हजारदा केलं असेल. गेजचं टोक भोकाच्या तोंडाशी नेलं आणि हात सुटला, थरथर थरथर. आटा धरेना. डाव्या हातानं उजवा धरला तरी धरेना. तीनदा केलं. चौथ्यांदा गेज हातातून पडलं आणि काच फुटली. मी वाकले तर म्हणाला, राहू दे. स्टूल ओढून बसला. माझा दिवा तसाच चालू होता, तो त्यानंच हात वर करून बंद केला.

"पुरे झालं," म्हणाला. "हात गेला माझा."

भिंतीवर सहाशे चोवीस लिहिलेलं होतं.

त्याच दिवशी चाव्या डावऱ्याकडे पाठवल्या, माझ्याच हाती. डावऱ्या घेईना. म्हणाला, ताई, मी येऊन गाडी बघतो. मी घरी येऊन दादाला सांगितलं तर तो म्हणाला, त्यानं माझं इंजिन उघडलं तर मी त्याचं तोंड बघणार नाही. ते मी डावऱ्याला सांगितलं, त्यानं चाव्या ठेवून घेतल्या, हात लावणार नाही असा शब्द दिला आणि तो पाळला. आला, चपला काढून बसला, म्हातारीकडे बघितलंसुद्धा नाही. मला दादानं सांगितलं, धूर सोडत गावभर फिरू नकोस, माझी शोभा होते. मी बसनं जायला लागले आणि म्हातारी गॅरेजात पांढऱ्या चादरीखाली.

दादा आठ महिने जगला त्यानंतर. आजार असा काही नव्हता. खिडकीत खुर्ची टाकून बसायचा. खालून गाडी गेली की पूर्वी सांगायचा, हिच्या सिला गेल्या, हिच्या रिंगा. आता सांगायचा नाही. मी मुद्दाम विचारायची, ही कशानं रे धूर सोडतेय. तो म्हणायचा, डावऱ्याला विचार. जेवण अर्धं झालं. दाढी बंद.

एकदा दुपारी मी त्याची नखं कापत होते, तेव्हा म्हणाला, चिमणे, रिंगेची खूण मी तुला वाचायला लावायला नको होती. तुझ्या जिवाला उगाच लागून राहील. तू बरोबरच वाचली असशील, माझाच हात हलला. मी नखं कापत राहिले. तेव्हा ओठावर आलं होतं, मी टाकत होते म्हणून. पण परत तेच, सांगितलं तर त्याला वाटेल गाडी त्याच्या समजुतीपेक्षा जास्त पीत होती. गिळून टाकलं. बोटं त्याची स्वच्छ झाली होती, नखातलं काळं गेलं होतं. मला ते बघवत नव्हतं.

खुर्चीतच गेला. मी कामावरून आले तर चहा ठेवलेला नव्हता.

महिन्यानं डावऱ्या आला. म्हणाला, ताई, गाडी उभ्या उभ्या खराब होईल, काय करायचं तिचं? मी म्हटलं, घेऊन जा बाबा, मला डोळ्यांसमोर नको. त्यानं चादर काढली, बॉनेट उघडलं. त्याचाही नियम तोच, दादाचाच, आधी पट्टी. पुसली, घातली, काढली. परत पुसली, घातली, काढली. उजेडात दारापाशी नेली.

"ताई, यात ऑइल कुणी भरलं?"

मी म्हटलं, दादानं. आणि मग, दादा नव्हता म्हणून असेल, म्हटलं, मीपण. वरून टाकत होते. कमी व्हायचं म्हणून. त्यानं विचारलं, कधी बघायची तू पट्टी? मी म्हटलं, कामावरून आले की. म्हणजे गाडी बंद केल्या केल्या? हो. कुठे, बाहेर चढावर? हो.

डावऱ्या स्टुलावर बसला. दादाच्या. मग त्यानं मला सांगितलं, हळूहळू, लहान मुलीला सांगावं तसं. गाडी चालू असते तेव्हा ऑइल इंजिनात वर फिरत असतं. बंद केली की दहा मिनिटं लागतात त्याला खाली चेंबरमध्ये उतरायला. लगेच बघितलं तर कमीच दिसणार. गाडी चढावर नाक वर करून असली तर आणखी कमी दिसणार. कमी झालेलं नव्हतंच ताई. होतं तेवढंच होतं. आणि तू वर ओतत गेलीस. चेंबरमध्ये मावेना, आत घुसळून फेस झाला, आणि ते हवेच्या नळीतून इंजिनाच्या तोंडात जायला लागलं. तेच जळत होतं. प्लग त्यानंच ओला.

मला शिंपी आठवला. पाहुणा नव्हे, आग्रह करकरून वाढायला.

मी विचारलं, म्हणजे रिंगा? तो म्हणाला, थांब. खालचा नट सोडून त्यानं जास्तीचं ऑइल काढलं, दीड लिटर निघालं. मी ओतलेलं सगळं. नळी साफ केली, चारही प्लग पुसले, स्वतःच्या गॅरेजातून गेज आणलं. एकेक पिस्टन लावून बघितला. चारही आकडे सारखे. मी बाजूला उभी, दिवा धरून, सवयीनं. त्यानं परत एकदा चारही बघितले. मग गाडी चालू केली. आधी निळा आला, उरलंसुरलं जळत होतं. मग कमी. मग मी फडकं धरलं आणि बराच वेळ धरून उभी राहिले. काजळीसुद्धा नाही.

डावऱ्या म्हणाला, "माझ्या हातून असं इंजिन होणार नाही. मिस्त्रींना कळलं होतं का गं हे?"

मी नाही म्हणून मान हलवली. तो बाहेर गेला, दारात चपला घालता घालता तसाच थांबला. पाठमोरा होता. म्हणाला, मी एकदा नुसती पट्टी ओढून बघितली असती. एकदा. मग गेला.

त्याच्यावर बोल नाही. तो शब्दाला जागला. मी खऱ्याला जागले नाही.

गाडी मी दिली नाही. परत कामावर घेऊन जायला लागले. आता सकाळी बघते, थंड, सपाट फरशीवर, आणि टाकत काही नाही. भिंतीवर दादाच्या सहाशे चोवीसच्या खाली मी शून्यापासून लिहिलं, माझ्या अक्षरात. गेल्या आठवड्यात हजार झाले. मास्तर आणि डावऱ्याला बोलावलं. मास्तरांना चष्मा लावून पट्टी बघायला लावली. ते म्हणाले, खुणेला टेकलंय, केसभर कमी असेल. डावऱ्या म्हणाला, केसभर तर नवी गाडीपण पिते.

आम्ही तिघांनी चहा घेतला. डावऱ्यानं चाव्या आणल्या होत्या, गॅरेजच्या, त्या त्यानं खिळ्याला लावल्या, दादाच्या जागी. म्हणाला, इथे मी येऊन काम करीन, पण चाव्या इथेच राहतील.

ते गेल्यावर मी खाली बसले होते स्टुलावर. फडकं मांडीवर. मला ठाऊक आहे मी तेव्हा हो म्हटलं असतं तर काय झालं असतं. त्यानं माझ्या हातून पट्टी घेतली असती, डाव्या डोळ्याशी नेऊन बघितली असती, आणि आधी मला दोन शिव्या दिल्या असत्या. मग इतका हसला असता की जिना धरावा लागला असता. वर्षभर सगळ्या गल्लीला सांगत सुटला असता, आमच्या चिमणीनं गाडीला जेवायला घातलं. मला लाज आली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं भिंतीवर सहाशे अठ्ठेचाळीस लिहिलं असतं.

ज्यांच्या ज्यांच्या गाड्या त्यानं बांधल्या, त्यांनी मनात काही आणू नका. त्याचा हात होता तसाच होता, थरथरत होता तरी.